'अपेक्षित' गाळू नका

इंग्रजीत 'लाइफस्पॅन' आणि 'लाइफ एक्स्पेक्टन्सी' हे दोन वेगळे शब्द. हंगेरियनमध्ये पहिल्याला म्हणतात 'एलेत-तॉर्तॉम'. एलेत म्हणजे आयुष्य, तॉर्तॉम म्हणजे टिकण्याचा काळ. बॅटरी किती वर्षं चालेल, तेही ह्याच शब्दात सांगतात. दुसऱ्यासाठी त्याच्याआधी फक्त 'वारहॉतो' लावायचं, म्हणजे 'अपेक्षित'. भाषांतरात हा एवढासा शब्द गळला, की इतिहासच चुकतो.

कसा? फेरेन्त्स कॉझिन्त्सी बघा. हंगेरियन भाषेत नवे शब्द घडवणाऱ्या चळवळीचा हा पुढारी. जन्म १७५९ चा. १७९५ मध्ये, पस्तिशीत, त्याला मृत्युदंड सुनावला गेला. पुढे तो कैदेवर आला आणि १८०१ मध्ये सुटका झाली. गेला तो १८३१ च्या कॉलऱ्यात, एकाहत्तर वर्षांचा होऊन!

त्या काळी जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान फार कमी होतं, कारण कितीतरी मुलं लहानपणीच दगावायची. सरासरी त्यामुळे खाली यायची. वाढलेली माणसं सगळी चाळिशीआधीच मरायची, असा त्याचा अर्थ नाही. मराठीतही आपण नुसतं 'आयुर्मान' लिहून मोकळे होतो. मी मात्र 'अपेक्षित' लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.