हलवता येणारी वाहनशेड (मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, हिवाळा)

पाइपांच्या चौकटीवर ताडपत्री किंवा लेपित कापड ताणून, पाया न खोदता उभारलेला वाहनांचा निवारा. भाड्याच्या घराचे अंगण, भरवेली-मलाजखंडसारख्या खाणगावांतल्या वसाहती, धान मळणीचे खळे, अशा ज्या ज्या ठिकाणी पक्के बांधकाम करता येत नाही किंवा परवडत नाही तिथे मोटार, जीप, ट्रॅक्टर यांना याच शेडचा आधार असतो. एका मोटारीसाठी साधारण 3 मीटर रुंद व 6 मीटर लांब जागा धरतात. तयार मिळणाऱ्या काही शेडची रचना मात्र बर्फाळ देशांच्या गरजेतून आलेली असते. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे 100 किलो धरले, तर 30 सेंटिमीटरचा थर 18 चौरस मीटरच्या छतावर 540 किलोंचा भार टाकतो. त्यामुळे तिकडे हिवाळ्यासाठी मजबुती करायची म्हणजे कमानी वाढवायच्या आणि छताला खालून टेकू द्यायचे. बालाघाटात हा भार कधीच येत नाही. इथे छताला धोका आहे तो वर उचलणाऱ्या वाऱ्याचा, आणि वाहनाला धोका आहे तो आत साचणाऱ्या ओलीचा. म्हणून आधी जमिनीशी पकड, मग तिरके ताण, मग हवेची वाट आणि सर्वांत शेवटी जाड कापड, हा खर्चाचा क्रम या जिल्ह्यासाठी योग्य ठरतो.

जिल्ह्याचा हिवाळा एकसारखा नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातले बालाघाट, वारासिवनी, लांजी हे धानपट्ट्याचे भाग आहेत. धान निघाल्यावरही बांध्यांत ओल राहते आणि निरभ्र रात्री तिचे धुके व दहिवर होते. बैहरचे पठार सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, तिथे थंडी जास्त असते. कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या सखल कुरणांत थंड हवा साचून कडाक्याच्या रात्री दहिवर गोठतेसुद्धा. या शांत रात्रींच्या मधेच पश्चिमी विक्षोभ येतात. बंगालच्या उपसागरावरून आलेली बाष्पयुक्त हवा त्यांना मध्य भारतावर मिळाली की विजा, सोसाट्याचा वारा, अवकाळी पाऊस आणि गारा असा सगळा जथा उतरतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात झालेली गारपीट याच प्रकारची होती. म्हणजे शेडला आठवडेच्या आठवडे काहीच सोसावे लागत नाही आणि एखाद्या दुपारी अर्ध्या तासात सगळे सोसावे लागते. महिनाभर शेड हलली नाही म्हणून ती पक्की आहे, असे मानण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचा जोर किती, हे साध्या हिशेबाने कळते. इमारतींवरील वातभारासाठी भारतीय मानक 875 चा तिसरा भाग वापरतात. त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या 0.6 पट धरला आहे (वेग सेकंदाला मीटरमध्ये, दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये). वादळी पावसाच्या इशाऱ्यांत ताशी 50 किलोमीटरचा वारा नेहमीच येतो. त्या वेगाला हा दाब सुमारे 116 न्यूटन होतो, आणि तेवढेच उचल-बल संपूर्ण छतावर धरले तर 18 चौरस मीटरला ते 210 किलोंच्या वजनाएवढे भरते. वेग ताशी 70 झाला की बल जवळजवळ दुप्पट, म्हणजे 415 किलोंच्या घरात जाते. तीन बाजू कापडाने बंद आणि तोंड वाऱ्याकडे असेल तर आत शिरलेली हवा छताला आतून ढकलते आणि आकडा आणखी चढतो. चौकट आणि कापड मिळून थोडेच किलो भरतात, बाकीचे सगळे वजन जमिनीकडूनच मिळवावे लागते. पेंटच्या 20 लिटरच्या बादलीत काँक्रीट भरून प्रत्येक खांबाला बांधण्याची पद्धत सर्रास दिसते. अशी बादली 48 किलोंची, चार मिळून 192 किलो. चौकटीचे वजन धरूनही ताशी 50 च्या वाऱ्याला ती जेमतेम पुरते आणि 70 ला अगदीच उघडी पडते. सिमेंटच्या अंगणात ठोकायला जागाच नसेल तर पाण्याने काठोकाठ भरलेले 200 लिटरचे चार ड्रम हा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. शेड हलवायची झाली की पाणी सोडून द्यायचे, एवढीच मेहनत.

मातीत मेख ठोकायची तर माती कोणती, हे आधी पाहावे. वैनगंगेच्या खोऱ्यात शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी जमिनीची विभागणी करतात. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन. पावसाळ्यानंतर ओली असताना तिच्यात मेख घट्ट बसते, पण हिवाळा सरता सरता ती आकसते, भेगाळते आणि तीच मेख हाताने हलू लागते. नोव्हेंबरात ठोकलेली मेख फेब्रुवारीत पुन्हा तपासायची ती यासाठी, कारण गारांचे दिवसही तेव्हाच येतात. सिहार रेताड असल्याने तिला लांबी जास्त लागते. बरडीत मुरूम लागतो, तिथे पहारीने आधी भोक पाडावे लागते. तंबूबरोबर मिळणारी वीतभर खिळ्यासारखी मेख यांपैकी कुठल्याच जमिनीत भरवशाची नाही. निदान हातभर तरी जमिनीत जाईल अशी जाड सळई घ्यावी आणि डोके शेडपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकावी. दोर मेखेशी काटकोनाच्या जवळपास ओढला गेला पाहिजे. मेखेच्याच दिशेने ओढ बसली तर ती सुरीसारखी सरळ बाहेर येते. कापड खाली वेगळे बांधावेच लागते, याचा इथला नेमका दाखला धान्याच्या उघड्यावरच्या साठवणुकीत, म्हणजे कॅपमध्ये मिळतो. तिथे थप्पीवरचे पॉलिथिन दोरांनी आवळून ओट्याशी बांधतात. खाली टनावारी धान असूनही कापडाला वेगळे बांधावे लागते, कारण धानाचे वजन कापडाला धरून ठेवत नाही. मोटारशेडमध्ये तर ते वजनही नसते.

यावर स्वाभाविक आक्षेप असा, की पाइपच जाड घेतला तर हा सगळा खटाटोप टळेल. जाड पाइपाने चौकट वाकणार नाही हे खरे. पण जमिनीशी पकड ढिली असेल तर न वाकलेली चौकट तशीच अखंड उडून शेजारच्या गाडीवर पडते, आणि मोठ्या वजनामुळे नुकसान अधिकच करते. बल कापडाकडून पाइपाकडे, पाइपाकडून दोराकडे आणि दोराकडून मातीकडे जाते. यातला सर्वांत कच्चा दुवा पक्का करण्यातच पैशाचा उपयोग आहे. बहुतेक शेडमध्ये पाइप एकमेकांत नुसते खोचलेले असतात. अशा प्रत्येक जोडातून आरपार बोल्ट घालावा, दोन्ही लांब बाजूंना फुलीच्या आकारात तार ताणावी आणि तिला टर्नबकल लावावे, म्हणजे शेड डोलत नाही. कापड बांधायला मात्र ताठ दोर नको. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा रबरी फासे वापरले की झोताचा झटका त्यात जिरतो आणि कापडाची कडी फाटत नाही. छताला पुरेसा उतार आणि मधल्या आडव्या पट्ट्या हव्यात. दोन चौरस मीटरच्या खोलग्यात पाच सेंटिमीटर पाणी साचले तरी 100 किलो होतात, आणि इथे वरून येणारा खरा भार एवढाच आहे.

दुसरा आक्षेप थंडीचा. वाहन गार पडू नये म्हणून चारी बाजू जमिनीपर्यंत बंद कराव्यात, असे अनेकांना वाटते. पातळ कापड उष्णता धरून ठेवत नाही, आतले तापमान बाहेरच्याच मागे घसरते. कापडाचा खरा फायदा एवढाच, की गाडीचे टप आणि काच उघड्या आकाशाकडे उष्णता टाकून थंड होत नाहीत आणि त्यांच्यावर दहिवर धरत नाही. ते दहिवर आता छताच्या कापडावर धरते, आणि शेड बंद असेल तर आतूनही. पूर्ण दमट हवा 20 अंशांवरून 10 अंशांवर आली की घनमीटरमागे सुमारे 8 ग्रॅम पाणी सोडते. 40 घनमीटरच्या शेडमध्ये ते 300 ग्रॅमच्या वर जाते. ओल्या मातीतून रात्रभर चढणारी वाफ वेगळी. पहाटे हे पाणी थेंबांनी गाडीवर गळते, आणि ब्रेकच्या तबकड्या, चेसिस, शेडचे जोड सगळे गंजत राहते. म्हणून कडेचे कापड जमिनीपासून वीतभर वर ठेवावे, आढ्याखाली दोन्ही टोकांना हवेची फट ठेवावी आणि खाली जाड प्लॅस्टिक अंथरून वर मुरूम पसरावा. फट ठेवल्याने आत दाबली जाणारी हवाही बाहेर पडते, हा वाऱ्याच्या बाजूचाही लाभ.

गारांच्या बाबतीत ताणलेले कापड पत्र्याइतके आश्वासक वाटत नाही, तरी लहान गारा ते चांगल्या झेलते. ढिल्या झोळ पडलेल्या कापडात त्या साचतात आणि तिथेच ते फाटते. सुपारीहून मोठ्या गारांसाठी छतापासून हातभर वर वेगळी शेडनेट ताणणे उपयोगी पडते. इशारा आला की कापड काढून ठेवावे, हा सल्ला दिवसा घरी असणाऱ्याला ठीक आहे. वादळ रात्री आले तर तो कामाचा नाही, आणि अर्धवट सोडलेले कापड शिडासारखे हवा धरून चौकटीलाच खेचते. होळीनंतर दुपारच्या वावटळी आणि वळवाचे वारे सुरू होतात, उन्हाने ताडपत्रीचे धागेही ठिसूळ होतात. तेव्हा कापड उतरवून, कोरडे करून, घडीच्या जागा बदलून, उंदीर लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावे. चौकट उभीच ठेवायची असेल तर दोर आणि तिरक्या तारा काढू नयेत.