ध्रुवीय क्षेत्रकार्यातील तातडीचे वैद्यकीय उपचार

ध्रुवीय क्षेत्रकार्यातील तातडीचे वैद्यकीय उपचार : उत्तर व दक्षिण ध्रुवांभोवतालच्या हिमाच्छादित प्रदेशांत संशोधनासाठी गेलेल्या पथकातील व्यक्तीस अचानक आजार वा अपघात झाल्यास जागेवरच करावी लागणारी उपाययोजना. या उपचारांतील रोग बहुधा नेहमीचेच असतात. आंत्रपुच्छाचा दाह, अस्थिभंग, भाजणे, दातदुखी यांत ध्रुवीय असे काही नाही. फरक पडतो तो परिस्थितीचा. अंटार्क्टिकातील हिवाळी तळांवर सामान्यतः मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत जहाज येऊ शकत नाही आणि विमान उतरविणे अत्यंत धोक्याचे असते. तळावर डॉक्टर बहुधा एक, फार तर दोन असतात. साधनसामग्री आधीच्या उन्हाळ्यात आणून ठेवलेली तेवढीच. तळापासून दूर तंबूत राहणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या किंवा हिमवैज्ञानिकांच्या तुकडीबरोबर तर पुष्कळदा डॉक्टरही नसतो.

अंटार्क्टिक वर्तुळाच्या दक्षिणेस हिवाळा काढणारे पहिले जहाज ‘बेल्जिका’ हे होय. मार्च १८९८ मध्ये ते बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या बर्फात अडकले व वर्षभर अडकून राहिले. दीर्घ रात्रीत खलाशांच्या हिरड्या सुजल्या, नाडी अनियमित झाली, काहींना उदासीनतेने घेरले. जहाजावरील अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरला आणि रोग्यांना रोज काही वेळ उघड्या शेगडीच्या उजेडात व उबेत बसविण्याचा उपाय सुरू केला. मोहिमेचे प्रमुख आद्रियाँ द गेर्लाश यांना पेंग्विनच्या मांसाची किळस होती. तेही शेवटी ते खाऊ लागले व सुधारले. क जीवनसत्त्व या द्रव्याचा शोध लागण्यास त्यानंतर तीन दशके जावी लागली. अनुभवाने गवसलेले हे ज्ञान मात्र टिकून राहिले नाही. स्कर्व्ही हा नासलेल्या डबाबंद मांसातील विषाने होतो, हे मत ब्रिटिश मोहिमांच्या डॉक्टरांत विसाव्या शतकाच्या प्रारंभीही प्रचलित होते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

रॉबर्ट स्कॉट यांच्या अखेरच्या मोहिमेतील शेवटची साहाय्यक तुकडी ४ जानेवारी १९१२ रोजी परत फिरली. तीत लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्स, टॉम क्रीन व विल्यम लॅशली हे तिघेच होते. वाटेत इव्हान्स यांना स्कर्व्हीने इतके ग्रासले, की त्यांना उभेही राहता येईना. दोघा सोबत्यांनी त्यांना स्लेज गाडीवर बांधून ओढत आणले. शक्ती संपल्यावर लॅशली रोग्याजवळ तंबूत थांबले आणि क्रीन थोडी बिस्किटे व चॉकलेट खिशात घालून एकटेच निघाले. तंबू किंवा शयनपिशवी बरोबर नसता त्यांनी सु. ५६ किमी. अंतर सु. अठरा तासांत चालून काढले व तळावर डॉ. एडवर्ड ॲटकिन्सन यांना गाठले. ते पोहोचताच काही वेळात हिमवादळ सुरू झाले. इव्हान्स वाचले व पुढे ब्रिटिश नौदलात ॲडमिरल झाले. आजच्या संज्ञेत सांगावयाचे, तर येथे प्रथमोपचार, वाहतूक, निरोप व वैद्यकीय मदत या सर्व पायऱ्या माणसांच्या पायांवर पार पडल्या.

अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या मोहिमेत एलिफंट बेटावर अडकलेल्या पथकात दोन डॉक्टर होते, हे त्या पथकाचे सुदैव. जून १९१६ मध्ये पर्स ब्लॅकबरो या तरुण खलाशाच्या डाव्या पायाची गोठून कुजलेली बोटे तेथेच कापावी लागली. उलट्या घातलेल्या दोन होड्यांच्या आसऱ्याखाली पेंग्विनच्या कातड्यांवर शेगडी पेटवून हवा पुरेशी गरम करण्यात आली, कारण थंडीत क्लोरोफॉर्मची वाफ नीट होत नाही. मॅकलिन यांनी भूल दिली व मॅकलरॉय यांनी शस्त्रक्रिया केली. रोगी बरा झाला.

ध्रुवीय वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध घटना १९६१ ची असून तिचे स्थळ भारतीय वाचकास परके नाही. शिर्माकर या हिमविरहित खडकाळ पट्ट्यात सोव्हिएट संघाने त्या वर्षाच्या प्रारंभी नोव्होलाझारेवस्काया हा तळ उघडला. भारताचा ‘मैत्री’ हा तळ पुढे याच पट्ट्यात, तेथून काही किलोमीटरांवर उभा राहिला. सोव्हिएट तळावर तेरा माणसे हिवाळा काढीत होती आणि त्यांतील एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह हे सत्तावीस वर्षांचे शल्यविशारद होते. २९ एप्रिल रोजी त्यांना अशक्तपणा व मळमळ जाणवू लागली, नंतर पोटाच्या उजव्या खालच्या भागात वेदना सुरू झाली. निदान अवघड नव्हते. औषधे देऊन पाहण्यात आली, पण प्रकृती बिघडत गेली. जवळच्या कोणत्याही तळावर विमान नव्हते आणि हिमवादळ चालू होते. आंत्रपुच्छ फुटून पर्युदराचा दाह झाला असता, तर मृत्यू जवळजवळ अटळ होता.

३० एप्रिलच्या रात्री त्यांनी स्वतःवर शस्त्रक्रिया सुरू केली. वातावरणवैज्ञानिक आर्तेम्येव्ह उपकरणे हातात देत होते व यांत्रिक टेप्लिन्स्की आरसा व दिवा धरून होते. या दोघांपैकी कोणास घेरी आल्यास जागा घेण्यासाठी तळप्रमुख जवळ उभे होते. स्वतःची शुद्ध हरपल्यास कोणते इंजेक्शन टोचावे व कृत्रिम श्वासोच्छ्वास कसा द्यावा, हे रोगोझोव्ह यांनी त्यांना आधीच शिकवून ठेवले होते. पोटाची भिंत नोव्होकेनने बधिर करून त्यांनी सु. १० ते १२ सेंमी. छेद घेतला. आरशातील उलट्या प्रतिमेने घोटाळा होऊ लागल्याने ते बव्हंशी स्पर्शानेच काम करीत राहिले व त्यासाठी त्यांनी हातमोजे घातले नव्हते. मध्येच अंधांत्रास इजा झाली, ती शिवून घ्यावी लागली. सु. अर्ध्या-पाऊण तासानंतर घेरी येऊ लागल्याने दर चार-पाच मिनिटांनी काही सेकंद थांबणे भाग पडले. काढलेल्या आंत्रपुच्छाच्या मुळाशी काळा डाग होता; आणखी एक दिवस गेला असता, तर ते फुटले असते, असा त्यांचा अंदाज होता. पावणेदोन तासांनी टाके घालून झाले, आठवड्याने ते काढण्यात आले आणि दोन आठवड्यांनी डॉक्टर कामावर रुजू झाले. या घटनेचे वर्णन बहुधा धैर्याची कथा म्हणून केले जाते व ते योग्यच आहे. तथापि वैद्यकीय दृष्ट्या तिच्यातील अधिक महत्त्वाचा भाग म्हणजे अडाणी सहाय्यकांना दिलेले नेमके प्रशिक्षण व प्रत्येक संभाव्य अपयशासाठी केलेली पूर्वतयारी होय.

डॉक्टरच आजारी पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. हर्ड बेटावरील ऑस्ट्रेलियन तळाच्या डॉक्टरला १९५० मध्ये हाच विकार झाला व त्यांना आणण्यासाठी युद्धनौका पाठवावी लागली. तेव्हापासून हिवाळी मुक्कामासाठी जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांचे निरोगी आंत्रपुच्छही आधीच काढून टाकण्याची प्रथा पडली.

थंडीने होणाऱ्या इजांवरील उपचारांत शंभर-दीडशे वर्षांत जवळजवळ संपूर्ण उलटापालट झाली. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत (१८१२) शल्यविशारद लारे यांनी शेकोटीजवळ गोठलेले पाय शेकणाऱ्या सैनिकांची दैना पाहिली व गोठलेला अवयव बर्फाने चोळून हळूहळू पूर्ववत करावा, असे सांगितले. हा सल्ला विसाव्या शतकातही पाळला जात होता. चोळण्याने ऊतकांतील बर्फाच्या स्फटिकांमुळे इजा वाढते, हे पुढे स्पष्ट झाले आणि अलास्कातील अनुभवाच्या आधारे कोमट पाण्यात जलद गतीने ऊब देण्याची पद्धत रूढ झाली. मात्र अवयव पुन्हा गोठण्याचा संभव असेल, तर तो वितळवूच नये; गोठलेल्या पायांनी चालत तळ गाठणे हे वितळलेले पाय वाटेत पुन्हा गोठण्यापेक्षा कमी हानिकारक असते.

शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ३५° से. च्या खाली गेल्यास संपूर्ण शरीरच संकटात येते. प्रथम हुडहुडी भरते. तापमान आणखी घटल्यावर ती थांबते, माणूस असंबद्ध बोलू लागतो व क्वचित अंगावरचे कपडेही काढू लागतो. तापमान २८° से. च्या आसपास आल्यावर केवळ धसमुसळेपणाने हलविल्यानेही हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून अशा रोग्यास आडवे ठेवून अलगद उचलतात. गारठलेला मेंदू प्राणवायूच्या अभावी अधिक काळ तग धरतो. नॉर्वेमध्ये मे १९९९ मध्ये आन्ना बोगेनहोम या स्वीडिश डॉक्टर बर्फाखालच्या प्रवाहात अडकल्या. त्यांचे तापमान १३·७° से. पर्यंत उतरले होते, तरी ट्रॉम्सच्या रुग्णालयात त्या वाचल्या. गारठलेल्या माणसास ऊब दिल्यावाचून मृत मानू नये, या नियमास त्यामुळे बळकटी आली.

थंडीपेक्षाही कपटी शत्रू म्हणजे थंडीपासून वाचविणारी शेगडी. अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड १९३४ च्या हिवाळ्यात मुख्य तळापासून दूर एका झोपडीत एकटेच राहिले. शेगडीच्या व बिनतारी यंत्राच्या जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडाने त्यांना हळूहळू विषबाधा होत गेली. आपला आजार ते लपवीत होते. परंतु त्यांचे संदेश विस्कळित होऊ लागल्याने तळावरील सहकाऱ्यांना संशय आला व दोनदा अयशस्वी ठरलेला प्रवास तिसऱ्यांदा करून ते ऑगस्टमध्ये त्यांच्यापर्यंत पोहोचले. भारताच्या नवव्या मोहिमेत (१९८९-९०) याच वायूने चार सदस्यांचा बळी घेतला. मैत्रीच्या दक्षिणेकडील पर्वतप्रदेशातील क्षेत्रतळावर ही दुर्घटना घडली. या वायूला रंग नाही, वास नाही आणि त्याची लक्षणे, डोकेदुखी व सुस्ती, उंचीवरील थकव्यासारखीच असतात. बंद तंबूतील सर्वच जण एकाच वेळी ग्लानीत गेल्यास मदत मागण्यास कोणी उरत नाही. यावर उपाय औषधाचा नसून वायुवीजनाचा आहे.

विमाने व उपग्रह-संपर्क यांनी परिस्थिती बदलली, पण पूर्णपणे नव्हे. १९९९ च्या हिवाळ्यात दक्षिण ध्रुवावरील अमेरिकन तळाच्या डॉक्टर जेरी नील्सन यांना स्तनात गाठ आढळली. वैद्यकाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतःच ऊतक काढले, त्याची चित्रे अमेरिकेतील तज्ञांकडे पाठविली आणि जुलैमध्ये विमानातून टाकलेल्या औषधांनी रासायनी चिकित्सा सुरू केली. त्यांना बाहेर काढणारे विमान १६ ऑक्टोबरला उतरू शकले. एप्रिल २००१ मध्ये त्याच तळावरील आजारी डॉक्टरांना नेण्यासाठी दोन एंजिनांचे लहान ट्विन ऑटर विमान अंधारात आले.

भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातून ‘पोलर सर्कल’ या जहाजाने निघाली. तीत एकवीस सदस्य होते व डॉ. एस. झेड. कासिम हे नेते होते. तिसऱ्या मोहिमेत (१९८३-८४) मूळच्या नागपूरच्या सागरवैज्ञानिक अदिती पंत यांचा समावेश होता. त्या मोहिमेने दक्षिण गंगोत्री हा तळ उभारला व १९८४ मध्ये बारा जणांनी तेथे पहिला हिवाळा काढला. पुढे मैत्री (१९८९) व भारती (२०१२) हे तळ झाले. मोहिमांचे संयोजन गोव्यातील वास्को येथील केंद्राकडे असून २०१८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असे आहे. सदस्यांची तपासणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत होते व उत्तराखंडातील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिस त्यांना बर्फातील वावर शिकवितात. निवड काटेकोर ठेवणे हाच येथे पहिला उपचार.

मैत्रीपासून जहाज लागते तो बर्फाचा कडा सु. १०० किमी. दूर आहे. साक्री तालुक्यातील पिंपळनेरहून धुळ्याचे रुग्णालय सु. पाऊणशे किलोमीटरांवर आहे, म्हणजे अंतरात फार तफावत नाही. परंतु पिंपळनेरचा रोगी काही तासांत शल्यविशारदापुढे पोहोचतो, तर मैत्रीचा रोगी बर्फाच्या कड्यापर्यंत पोहोचला, तरी हिवाळ्यात तेथे जहाज नसते. उन्हाळ्यात नोव्होलाझारेवस्कायाजवळच्या धावपट्टीवरून केपटाउनकडे विमाने जातात व हा प्रवास सु. सहा तासांचा आहे. ही सेवा अनेक देश मिळून चालवितात व भारत त्यांपैकी एक आहे. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्थिती बरीच सुसह्य आहे : स्वालबार येथील ‘हिमाद्री’ (२००८) या भारतीय केंद्रातील रोग्यास विमानाने लाँगइयरब्येनच्या रुग्णालयात व तेथून नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ट्रॉम्स येथे नेता येते, मात्र वस्तीबाहेर पडणाऱ्यांना हिमअस्वलांपासून संरक्षणासाठी बंदूक बाळगावी लागते.