कापसाची वाट व रुग्णाची वाट

यवतमाळ जिल्ह्यांत औषधोपचार दुर्मिळ कां राहिला, ह्याचा विचार करतां आम्हांस प्रथम आगगाडीच आठवते. इ. स. १९०३ मध्यें मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांचा मार्ग झाला, तो मुख्यत्वें कापसाकरितां. गांठी मुंबईस व तेथून विलायतेस पोहोंचल्या. कोलामांच्या पोडावरील तापकऱ्यास मात्र बैलगाडी किंवा खाट हेंच वाहन राहिलें.

१९८९ सालीं यवतमाळांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. उपकार मोठाच, परंतु झरी-जामणीच्या मजुरास तेथें जाणें म्हणजे भाडें, दोघांची बुडालेली मजुरी (रुग्णासवें कोणी तरी हवेंच) आणि बहुधा सावकाराचें दार. म्हणून तो उद्यांवर टाकतो. २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर विषारी औषध फवारतांना शेंकडों शेतकरी-मजुरांस विषबाधा झाली. जिल्ह्यांत वीसांहून अधिक दगावले. अशा विषांत घटकाही मोलाची. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, तरी पोडापर्यंत तिला वाट हवी.

शुभवर्तमानांतील शोमरोन्यानें जखमेस तेल-द्राक्षारस लावला व आपलें जनावरही दिलें. उपदेशांत हें दुसरें आपण विसरतों. ज्यांच्या अंगणांत जीप उभी असते, त्यांनीं रविवारीं मिस्सेनंतर आपलें नांव आम्हांकडे नोंदवावें.