सुईआधीचा प्रश्न

बडोद्यात मेंदूचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह काढायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात. तपासणी डोक्याची, मग चौकशी मूत्रपिंडाची कशाला, असं बाकावर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं. क्रिएटिनिनच्या या प्रश्नाचं वय जेमतेम वीस वर्षं आहे आणि तो पुष्कळ यातनांनंतर विचारला जाऊ लागला.

कॉन्ट्रास्ट म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या पाण्यासारख्या औषधात गॅडोलिनियम हा धातू असतो. 1880 मध्ये जिनिव्हात मारिन्याक यांनी तो ओळखला. गॅडोलिनियमच्या आयनात जोडीदार नसलेले सात इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकीय प्रभावामुळे आसपासच्या पाण्याचा संकेत बदलतो आणि तेवढा भाग चित्रात उजळतो. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या या औषधाला आत शिरू देत नाहीत. गाठीपाशी किंवा ताज्या सुजेपाशी तो अडसर मोडलेला असतो, म्हणून नेमकी तीच जागा दिसते.

मोकळा गॅडोलिनियम मात्र विषारी. आकारानं तो कॅल्शियमच्या आयनाएवढा, त्यामुळे कॅल्शियमच्या कामात आडवा येतो. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी त्याला डीटीपीए नावाच्या रेणूत जखडलं. 1983 मध्ये ते माणसाला टोचलं गेलं, 1988 मध्ये मॅग्नेव्हिस्ट नावानं बाजारात आलं. मूत्रपिंड धड असेल तर साधारण दीड तासात निम्मं औषध रक्तातून निघून जातं. सगळा भरवसा या हिशेबावर होता.

1997 पासून अमेरिकेत मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी जाड, टणक होऊ लागली. सांधे आखडले, काहींचं चालणं थांबलं. कारण सापडेना. 2006 मध्ये ऑस्ट्रियातले डॉ. थॉमस ग्रोब्नर यांनी हा आजार गॅडोलिनियमच्या इंजेक्शनाशी जोडला. बाहेर पडायला वाट नसल्यानं औषध अंगात रेंगाळत होतं आणि धातू सुटत होता. तेव्हापासून क्रिएटिनिन पाहूनच सुई लावण्याची पद्धत रुजली, औषधंही बदलली आणि नवे रुग्ण जवळपास थांबले.

दुसरा धक्का 2014 चा. जपानमध्ये कांदा नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा किंवा अधिक वेळा कॉन्ट्रास्ट घेतलेल्या 19 जणांची साधी, बिनइंजेक्शनाची चित्रं पाहिली. मेंदूतली दोन खोल केंद्रकं त्यांतही उजळ दिसत होती. पुढच्या वर्षी मेयो क्लिनिकनं शवविच्छेदनातल्या ऊतींत प्रत्यक्ष धातू मोजला. या रुग्णांची मूत्रपिंडं खराब असायला हवीत असंही नव्हतं.

फरक पडतो तो धातू कशात अडकवला यानं. मॅग्नेव्हिस्टसारख्या औषधांचा रेणू साखळीसारखा, दोन्ही टोकं मोकळी; धातू त्यातून निसटू शकतो. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल यांत पूर्ण कडं असतं, पकड पक्की. साठा कड्याच्या औषधांचाही राहतो, पण बराच कमी. म्हणून 2017 मध्ये युरोपीय औषध संस्थेनं साखळीच्या बहुतेक औषधांचा शिरेतून होणारा वापर थांबवायला सांगितलं. अमेरिकेनं इशारा दिला, बंदी घातली नाही. मेंदूत राहिलेल्या या धातूनं मूत्रपिंड चांगलं असलेल्या माणसाला अपाय झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. गाठ शोधायची आहे आणि कुणी भीतीनं कॉन्ट्रास्ट नाकारतो, तेव्हा मला ते धोक्याचं वाटतं.

पण दर सहा महिन्यांनी मेंदूचं चित्र काढावं लागणाऱ्याचं काय? मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदूच्या आजाराच्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये म्हटलं की नेहमीच्या पाठपुराव्यात दर वेळी कॉन्ट्रास्टची गरज नाही. नवे डाग त्याविनाही मोजता येतात. क्रिएटिनिनचा प्रश्न अर्जात आला, तसे आणखी दोन यायला हवेत असं मला मनापासून वाटतं: याआधी किती वेळा घेतलं, आणि कोणतं? दुसऱ्याचं उत्तर रुग्णाला सहसा देता येत नाही. तेव्हा इंजेक्शन झाल्यावर कुपीवरचं नाव आणि किती मिलिलिटर दिलं तेवढं रिपोर्टवर लिहून मागावं.