धारवाडची मापनपट्टी आणि व्यवस्थापन-प्रवेशपरीक्षांतील इंग्रजी

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतील इंग्रजीचा विभाग हा हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांत सहसा खासगी शिकवणीवर्गांवर सोपविलेला विषय आहे. वाणिज्य शाखेचा प्राध्यापक आकडेमोड पाहतो, इंग्रजीचा प्राध्यापक नेमलेली पुस्तके शिकवितो. वाक्यदुरुस्ती, विस्कळीत वाक्यांची जुळणी, उताऱ्यावरील अनुमान यांना दोघांच्याही वेळापत्रकात जागा नसते. हे प्रश्न बाहेरून, अमेरिकेतून किंवा अहमदाबादहून, आले अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शब्दांच्या साहाय्याने बुद्धी मोजावयाची झाल्यास ती कोणत्या भाषेत मोजावी, हा प्रश्न भारतात ज्या थोड्या ठिकाणी प्रथम गांभीर्याने हाताळला गेला, त्यांत धारवाड आहे.

आल्फ्रेड बिने यांची मूळ चाचणी १९०५ मध्ये पॅरिस येथे तयार झाली. लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९१६ मध्ये तिचे अमेरिकी संस्करण केले. या संस्करणाच्या आधारे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या हजाराहून अधिक मुलांची तपासणी केली. या कामाचा अहवाल १९३४ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्राच्या ब्रिटिश नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही चाचणी 'बिने-कामत' या नावाने पुढे देशभर वापरली गेली. १९३४ च्या निबंधाच्या शीर्षकातच ती कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी असल्याचे नमूद आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते (१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते मुंबईकडेच राहिले), त्यामुळे दोन्ही भाषा एका मापनपट्टीत येणे स्वाभाविक होते. गावात तितक्याच सहजतेने बोलल्या जाणाऱ्या उर्दूचा मात्र शीर्षकात उल्लेख नाही. हिंदुस्तानीतील बिने चाचणीचे काम १९२० च्या दशकात लाहोर येथे सी. हर्बर्ट राइस यांनी केले होते. पण लाहोरची हिंदुस्तानी आणि हुबळीची दखनी यांतील अंतर येथील शिक्षकांना सांगावे लागणार नाही.

टर्मन यांच्या १९१६ च्या पट्टीतील काही प्रश्नप्रकार पाहिले की आजच्या प्रवेशपरीक्षांचे कूळ लक्षात येते. नऊ वर्षांच्या मुलाने तीन दिलेले शब्द घालून एक वाक्य करावयाचे. दहा वर्षांच्या मुलाने विधानातील विसंगती ओळखावयाची. बारा वर्षांच्या मुलाने विस्कटलेले शब्द लावून वाक्य पुरे करावयाचे आणि बोधकथेचा अर्थ सांगावयाचा. आजच्या परीक्षेतील विस्कळीत वाक्यांचा परिच्छेद, युक्तिवादातील दोष, उताऱ्याचा मथितार्थ हे त्यांचेच मोठे झालेले भाऊ होत. चौदाव्या वर्षाच्या गटात राष्ट्राध्यक्ष व राजा यांतील तीन फरक विचारले जात. बादशहाच्या अमलाखाली असलेल्या धारवाडच्या मुलाला राष्ट्राध्यक्ष हा प्राणी कोठे भेटणार होता, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी चाचणीच्या मुळाशी जाणारा आहे.

संदर्भ बदलता येतात. वाक्यरचना बदलताना अडचण येते. इंग्रजीत शब्दाचे वाक्यातील कार्य बहुतांशी त्याच्या स्थानावरून ठरते, म्हणून विस्कटलेले शब्द लावणे हे खरोखर कोडे असते. मराठीत व कन्नडमध्ये ते कार्य विभक्तिप्रत्यय सांगतो. 'शेतकऱ्याला सावकाराने कागद दाखवला' हे वाक्य कसेही फिरवले तरी कागद कोणी दाखवला आणि कोणाला, हे कळतेच. म्हणजे हाच प्रश्न भाषांतरित केला तर उत्तरे अनेक होतात आणि काठिण्यपातळी पार बदलते. शब्दसंग्रहाच्या प्रश्नाचे तसेच. इंग्रजीत अवघड असलेल्या शब्दाचा मराठी पर्याय रोजच्या वापरातला असू शकतो. म्हणूनच अशी पट्टी नव्या भाषेत नेताना नुसते भाषांतर चालत नाही. प्रत्येक प्रश्न त्या भाषेच्या मुलांवर पारखून तो कोणत्या वयाला घालावा हे पुन्हा ठरवावे लागते. धारवाडच्या कामाचे महत्त्व या पारखण्यात आहे.

याच सुमारास अमेरिकेत याच मुद्द्यावर एक माघार घेतली गेली. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घेतलेल्या चाचण्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की, दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले स्थलांतरित बुद्धीने कमी आहेत. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो मागे घेतला: इंग्रजीत घेतलेल्या चाचणीने परभाषक माणसांची तुलना करता येत नाही, अशी त्यांची कबुली होती. या दोन वर्षांच्या मधोमध, १९२६ मध्ये, त्यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिकी महाविद्यालयांची 'सॅट' ही प्रवेशचाचणी सुरू झाली होती. तिच्या पहिल्या रूपात कृत्रिम भाषेचा एक उपविभाग होता. परीक्षार्थीला एका बनावट भाषेचे शब्द व नियम देऊन भाषांतर करावयास सांगत. या एका विभागात तरी सर्व परीक्षार्थी सारखेच परके होते. तो पुढे गळाला, आणि इंग्रजी उरली.

व्यवस्थापनाची चाचणी याच घराण्यातली. नऊ अमेरिकी व्यवसायशाळांच्या प्रतिनिधींनी १९५३ मध्ये एकत्र येऊन विचार केला आणि १९५४ मध्ये पदवीधरांसाठी सामाईक प्रवेशचाचणी सुरू झाली. १९७६ पासून ती 'जीमॅट' या नावाने ओळखली जाते. भारतात कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये आणि बंगळूरची १९७३ मध्ये निघाली. त्यांच्या 'कॅट' या सामाईक परीक्षेने शाब्दिक विभाग ठेवला तो इंग्रजीतच. कर्नाटक राज्याच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतही एमबीएसाठी इंग्रजीचे प्रभुत्व स्वतंत्रपणे तपासले जाते. ब्रिगम यांची कबुली आणि कामतांचे काम यांपैकी कशाचाही मागमूस या परीक्षांच्या रचनेत आढळत नाही. त्याला कारण आहे: वर्गातली, अहवालाची आणि पुढे नोकरीची भाषा इंग्रजी, तेव्हा तीच तपासावी. हे कारण टाकाऊ नाही. मात्र मग त्या गुणांना तर्कशक्तीचे गुण म्हणू नये.

अशा परिस्थितीत मातृभाषेतून शिकलेल्या विद्यार्थ्याला आधार होता तो व्याकरणाचा. मुंबई इलाख्यात इंग्रजी शिकण्याची वाट व्याकरण आणि भाषांतर यांतूनच जात असे. मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. नंतर रेन आणि मार्टिन यांचे जाड व्याकरण आले. यांतील रेन हे स्वतः मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते. या पद्धतीची पुष्कळ थट्टा झाली आहे. 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दच उपहासाचा. परंतु घरात इंग्रजीचा एकही वाचक नसलेल्या मुलाला नियम पाठ करून, दोनशे वाक्ये दुरुस्त करून गुण मिळविता येत, ही गोष्ट थट्टेच्या भरात विसरली जाते.

जीमॅटमधील वाक्यदुरुस्ती हा प्रकार या विद्यार्थ्याला अवघड असला तरी शिकण्याजोगा होता. एकच उदाहरण पुरे. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या वचनाप्रमाणे चालते. प्रश्न तयार करणारा कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरे नाम घालतो: पेटी एक, पण तिच्यातील आंबे अनेक, आणि क्रियापदाला लागून उभे असतात ते आंबे. हुबळीच्या एकाच वर्गात या सापळ्याकडे तीन मार्गांनी मुले येतात. मराठी मूल 'मुलांनी आंबा खाल्ला' म्हणते. येथे भूतकाळी क्रियापद कर्माच्या, म्हणजे शेजारच्या नामाच्या, मागे जाते. शाळेतल्या उर्दूतही 'लडकों ने आम खाया' असेच. कन्नड मूल 'हुडुगरु माविन हण्णु तिंदरु' म्हणते, तेथे क्रियापद मुलांचेच ऐकते. आणि घरच्या दखनीत तो 'ने' बहुधा गळतो व क्रियापद कर्त्याकडे वळते. म्हणजे उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला या एका नियमापुरती शाळेतल्या भाषेपेक्षा घरची बोली इंग्रजीला जवळची पडते. जी बोली अशुद्ध म्हणून शाळेने बाजूला सारली, तिचा असा उपयोग करून घेणारे व्याकरणाचे पुस्तक बाजारात मिळत नाही. वर्गातला शिक्षक मात्र तो दहा मिनिटांत करू शकतो. उपपद न वापरणे, विशेषण-उपवाक्य नामाच्या आधी नेणे, या चुकांनाही असाच हिशेब आहे. तिन्ही भाषांत इंग्रजीसारखे उपपद नाही, म्हणून ही चूक सर्वांची सारखी.

आता हा आधारच काढून घेण्यात आला आहे. कॅटचे स्वरूप २०१५ मध्ये बदलले आणि तेव्हापासून स्वतंत्र व्याकरणप्रश्न जवळजवळ दिसेनासे झाले. अलीकडील परीक्षांत या विभागातील २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे असतात, आणि उरलेले आठही परिच्छेदाची जुळणी, सारांश अशा वाचनाच्याच स्वरूपाचे. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. तीत वाक्यदुरुस्ती नाही, निबंधही नाही. शाब्दिक विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न, तेही उतारे आणि युक्तिवाद यांवरचे. जुनी आवृत्ती जानेवारी २०२४ अखेर बंद झाली.

या बदलाचे स्वागत 'पाठांतर गेले, विचार आला' अशा शब्दांत झाले. इंग्रजी ज्याची पहिली भाषा नाही त्याला व्याकरणाच्या सूक्ष्म भेदांतून सुटका मिळाली, हा युक्तिवादही ऐकू येतो. तो वरवरचा आहे. व्याकरणाचे नियम मोजके असतात आणि ते एका उन्हाळ्यात आत्मसात होतात. अर्थशास्त्र, जीवशास्त्र, कलासमीक्षा अशा अनोळखी विषयांवरचा दाट उतारा काही मिनिटांत वाचून लेखकाचा रोख पकडण्याची सवय उन्हाळ्यात लागत नाही. ती ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र व मासिके येतात तेथे न शिकविता लागते. जेथे येत नाहीत, तेथे महाविद्यालयाचे ग्रंथालय हाच पर्याय राहतो. थोडक्यात, परीक्षेतला जो भाग गरीब विद्यार्थी कष्टाने विकत घेऊ शकत होता तो कमी झाला, आणि जो वारशाने मिळतो तो वाढला.

शिकवणीवर्गांनी याला उत्तर म्हणून उतारे सोडविण्याच्या युक्त्या शिकविणे सुरू केले आहे: आधी प्रश्न वाचा, पहिले व शेवटचे वाक्य पाहा, टोकाचे पर्याय टाळा. मूळ वाचन असेल तर या युक्त्या उपयोगी पडतात, नसेल तर नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या विद्यार्थ्याजवळ प्रवेशपरीक्षेपर्यंत सुमारे अडीच वर्षे असतात. आठवड्याला एक उतारा वाचून त्याचा रोख आधी स्वतःच्या भाषेत, कन्नड, मराठी वा उर्दूत, तोंडी सांगावयाचा आणि मग इंग्रजीत लिहावयाचा, असा क्रम ठेवल्यास सुट्या वजा जाता सत्तर-ऐंशी उतारे होतात. स्वभाषेत रोख सांगता आला आणि इंग्रजीत लिहिता आला नाही, तर अडचण भाषेची आहे. दोन्हीकडे अडले तर तर्काची. प्रवेशपरीक्षेच्या गुणपत्रिकेवर हा फरक दिसत नाही. वर्गात तो पहिल्याच महिन्यात दिसतो, आणि अशा विद्यार्थ्याला पुढे व्याकरण द्यावयाचे की अधिक उतारे, हे त्यावरून ठरविता येते.