डोनटचं भोक आणि गॉर्डन्सव्हिलच्या बायका

मध्यंतरी फिलाडेल्फियाला भाच्याकडे गेले होते. सकाळी अकरा वाजता साहेब म्हणाले, "मावशी, आज जेवायला डोनट आणि चिकन." मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच तसं दुकान निघालं! 'फेडरल डोनट्स' हे त्याचं नाव. २०११ साली दक्षिण फिलाडेल्फियात सुरू झालेलं. मुख्य वस्तू दोनच, गरम डोनट आणि तळलेलं चिकन.

(आई, वाचत असशील तर आत्ताच सांगते, पुढे चिकन बरंच आहे. :) )

मी रांगेत उभी राहून डोनटचं यंत्रच बघत बसले. पिठाची कडी टपकन तेलात पडते, तरंगत तरंगत पुढे सरकते, मध्येच कूस बदलते आणि बाहेर येते. लगेच तिला मसाल्याच्या साखरेत घोळवतात. चिकनचं सँडविच म्हणजे मऊ पाव, आंबवलेली काकडी, चीज, तिखट सॉस आणि मध्ये कुरकुरीत ऐवज. तिखटाचा घास, मग गोडाचा. आपल्याकडे जिलबी-फाफडा खाणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

भाच्याने विचारलं, "पण हे भोक कशाला पाडतात?" आता मावशीला विषय मिळाला!

डोनटचे पूर्वज डच लोकांनी न्यूयॉर्कला आणले. त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ सरळ 'तेलातला केक'. तेव्हा तो गोळाच होता. भोकाचं श्रेय हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाने घेतलं. १९१६ साली, म्हातारपणी, त्याने वर्तमानपत्राला सांगितलं की १८४७ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, जहाजावर त्याने मिरपुडीच्या पत्र्याच्या डब्याने डोनटला पहिलं भोक पाडलं. कारण कडा तळून निघायच्या आणि मधलं पीठ कच्चंच राहायचं. मेन राज्यातल्या रॉकपोर्टला त्याच्या नावाची पाटीही आहे. मेदूवड्याला आपण त्याच कारणासाठी भोक पाडतो, पण ते पहिलं बोट कुणाचं, याची पाटी कुठल्या उडुप्याकडे दिसत नाही.

डोनट घरोघरी पोचला तो मात्र बायकांमुळे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये साल्व्हेशन आर्मीच्या हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोघींकडे पीठ, साखर, चरबी, डब्यातलं दूध असं थोडकं सामान होतं. लाटणं नव्हतं, म्हणून दारूच्या बाटलीने लाटलं. पहिल्या दिवशी १५० डोनट झाले. परत आलेल्या सैनिकांनी ती चव मायदेशी आणली. मागणी वाढली आणि १९२० साली झारच्या रशियातून आलेल्या अ‍ॅडॉल्फ लेव्हिट या निर्वासिताने न्यूयॉर्कमध्ये डोनटचं यंत्र बनवलं. मी रांगेत बघत होते ते त्याच वंशातलं.

इथवर गोष्ट गोड होती. सँडविचची गोष्ट तशी नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांना गाय-बैल, डुकरं पाळू देत नसत, पण कोंबड्यांकडे मालक सहसा दुर्लक्ष करत. त्यामुळे कोंबडी हेच त्यांचं चार पैशांचं साधन झालं. मालकिणींच्या पाककृतींची पुस्तकं निघाली. मेरी रँडॉल्फच्या १८२४ च्या पुस्तकात तळलेल्या चिकनची कृती आहे. पण अशा घरांत चुलीपाशी उभी असायची ती गुलाम बाई. तिचं नाव पुस्तकावर नाही.

गुलामगिरी संपल्यावर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनवर या बायका चिकन विकू लागल्या. डोक्यावर भलीमोठी परात, तिच्यात तळलेलं चिकन, बिस्किटं, कॉफी. गाडी थांबली की खिडकीखाली उभं राहून परात वर करायची. मला हे वाचताना कर्जत स्टेशन आठवलं. घाट चढायला मागे इंजिन लागेपर्यंत गाडी थांबते आणि खिडकीतून वडे आत येतात, अगदी तस्सं! या धंद्यावर त्यांनी मुलं वाढवली, घरं बांधली. एका विक्रेतीच्या मुलीने सांगितलं होतं की आमचं घर आईने कोंबडीच्या तंगड्यांवर उभं केलं. सायकी विल्यम्स-फोर्सन यांच्या २००६ च्या पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलं. पुढे गावाने विक्रेत्यांवर परवाने लादले, गाड्यांना डायनिंग कार आल्या आणि खिडकीतला धंदा आटला.

त्या डायनिंग कारमध्ये वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाला सन्मानाने बसून जेवता येत नसे. रस्त्यावरच्या हॉटेलांचंही तेच. म्हणून ही माणसं बुटाच्या खोक्यात चिकन बांधून निघायची, कारण ते गारही चांगलं लागतं आणि टिकतं. आपणही प्रवासाला दशम्या बांधायचो. पण आपल्यातल्या किती जणांनी हौसेने बांधल्या आणि किती जणांनी नाइलाजाने, हे आठवून बघावं. आपल्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं होतं, आणि काहींना तर कुठल्याच माठाला हात लावता येत नव्हता.

आणि ज्या पदार्थाने त्यांना तारलं, त्याचीच टिंगल झाली. १९१५ सालच्या 'बर्थ ऑफ अ नेशन' सिनेमात काळे लोकप्रतिनिधी सभागृहात चिकन ओरपताना दाखवले आहेत. ती थट्टा अजून संपलेली नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, तू जेवण जड केलंस." खरं होतं. पण सँडविच मला आधीपेक्षा जास्त आवडलं, हेही खरं. भोक पाडणाऱ्याचं कौतुक करावंच. फक्त उकळत्या तेलाशी जन्मभर उभ्या राहिलेल्यांची नावं माहीत नसली, तरी त्या होत्या एवढं लक्षात ठेवावं.

असो. उरलेलं सँडविच आणि एक डोनट त्याने खोक्यात बांधून दिलं. परतीच्या गाडीत मी ते मांडीवर ठेवून खाल्लं. पुढे कॅफेचा डबा होता आणि तिथे जायला मला कुणी अडवणार नव्हतं.

सँडविच गारही छान लागलं. डोनट मात्र गरमच खावा.