चर्मकामातील अस्तर आणि चिकटद्रव्य : खळीपासून फवाऱ्यापर्यंतचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कुही तालुका इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे तो मांढळ येथील वाकाटक ताम्रपटांमुळे आणि अडम येथील उत्खननामुळे. तांबे, वीट, मृद्भांडी जमिनीखाली टिकतात. चामडे सहसा टिकत नाही. त्यामुळे ज्या हातांनी मोटा शिवल्या, वहाणा केल्या, खोगिरांना अस्तर लावले, त्यांच्या कामाचा पुरावा पुरातत्त्वीय स्तरांत फारसा मिळत नाही. वसाहतकालीन ग्रंथांत तो शोधावा, तर तेथेही निराशा होते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतांतील जातीजमातींवरील ग्रंथात चांभार व मोची यांची नोंद आहे. पण तेथे लक्ष जातीकडे आहे, कारागिराच्या हाताकडे कमी. प्रस्तुत लेखात चर्मकामातील एका दुर्लक्षित अंगाचा, म्हणजे अस्तर चिकटविण्याच्या पद्धतीचा विचार केला आहे. विषय क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. तथापि कारागिराचा वेळ, कौशल्य आणि आरोग्य या तिन्ही गोष्टी या एका कृतीत एकवटलेल्या आहेत.

खळ, सरस आणि शिलाईचे वर्चस्व

रबरी चिकटद्रव्ये येण्यापूर्वी चर्मकारापुढे मुख्यतः दोन पर्याय होते. एक, गव्हाच्या पिठाची किंवा चिंचोक्याची खळ. घोंगडीला जी चिंचोक्याची खळ देतात तीच जातकुळी. दुसरा, जनावरांचे कातडे व हाडे उकळून काढलेला सरस. कातडे शिजवून काढलेला पदार्थ पुन्हा कातड्यालाच लावायचा, असा हा प्रकार होता. सरस गरम असतानाच लावावा लागतो व वाळल्यावर तो ठिसूळ होतो. खळीला कीड लागते; म्हणून पुस्तक बांधणारे तिच्यात मोरचूद घालीत.

या दोन्ही पदार्थांची समान मर्यादा म्हणजे पाणी. ओलाव्याने दोन्ही सुटतात. चर्मकामाच्या इतिहासात ही बाब निर्णायक ठरली असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मोट आणि पखाल या वस्तू पाण्यासाठीच होत्या आणि वहाण चिखलातून चालण्यासाठी होती. तेथे चिकटविलेल्या सांध्यावर विसंबणे शक्यच नव्हते. परिणामी सांध्याचा भार शिलाईने उचलला. आरी, रापी आणि चामड्याची वादी ही साधने केंद्रस्थानी राहिली आणि खळीकडे दुय्यम काम आले : शिलाई होईपर्यंत अस्तर जागेवर धरून ठेवणे. कोल्हापुरी चपलेत ही परंपरा आजही दिसते. तिचे तळ, पट्टा, कान, अंगठा हे भाग खिळ्याविना, चामड्याच्याच वादीने शिवून जोडले जातात.

खळीचा एक गुण मात्र पुढे हरवला. ती ओली असेपर्यंत अस्तर सरकविता येते, सुरकुती बोटाने बाहेर काढता येते. चुकलेले अस्तर उचलून पुन्हा बसविता येते. शिकाऊ मुलाला चुकण्याची मुभा देणारे असे हे द्रव्य होते.

वर्ध्याचा प्रयोग

विदर्भात चर्मकामाकडे नव्या दृष्टीने पाहण्याचा महत्त्वाचा प्रयत्न वर्ध्याजवळ झाला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर हर्मन कॅलेनबाख यांच्याकडून वहाणा करण्याचे काम शिकून घेतले होते. कॅलेनबाख ते मारियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठात शिकले होते. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत आले. त्याच दशकात नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मृत जनावराचे कातडे वापरणे, ते शास्त्रशुद्ध रीतीने कमावणे आणि या कामाला चिकटलेला अस्पृश्यतेचा कलंक दूर करणे हा त्यामागील विचार होता.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्यास सांगत होती. कामाला प्रतिष्ठा द्यावी की लादलेले काम टाकून द्यावे, हा वाद विदर्भाच्या भूमीवर केवळ तात्त्विक नव्हता. ज्यांच्यावर ते काम जन्माने लादले गेले, त्यांचे उत्तर अधिक वजनदार मानावे लागेल.

सोल्युशनचा काळ

१९३० साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रबराचा एक प्रकार तयार झाला. पुढे निओप्रीन या नावाने तो ओळखला गेला व त्यापासून पादत्राणे आणि पिशव्यांसाठी चिकटद्रव्ये बनू लागली. कारागीर अशा रबरी चिकटद्रव्याला सरसकट ‘सोल्युशन’ म्हणतात. दोन्ही पृष्ठभागांवर ते लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग दाबून जोडायचे. सांधा पाण्याला दाद देत नाही. शिलाईच्या वर्चस्वाचे मूळ कारण येथे संपले.

अस्तराच्या बाबतीत मात्र सोल्युशन गैरसोयीचे होते. एकदा टेकलेले अस्तर सरकत नाही. ब्रशने जाड थर बसला तर तो पातळ कापडातून वर उमटतो, मऊ मेंढीचे कातडे कडक होते. या अडचणीवर फवाऱ्याचा उपाय आला. दाबाखालील डब्यातून द्रव फवारण्याची कल्पना एरिक रोथाइम या नॉर्वेजियन अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत गुडह्यू व सलिव्हन यांनी कीटकनाशकासाठी ती वापरात आणली. चिकटद्रव्य अशा रीतीने फवारले की त्याचे बारीक तंतू व थेंब पृष्ठभागावर जाळीसारखे पसरतात. थर पातळ राहतो आणि अस्तराचा मऊपणा टिकतो. मोठ्या पिशवीचे संपूर्ण अस्तर काही क्षणांत धरले जाते. तथापि ही पकड सोल्युशनइतकी भक्कम नसते. म्हणून जाणता कारागीर कडांना ब्रशने सोल्युशन लावतो आणि वरून शिलाई घालतोच. खळीचे जुने काम, म्हणजे शिलाईपर्यंत अस्तर धरून ठेवणे, फवाऱ्याने नव्या रूपात स्वीकारले असे म्हणता येईल.

वासाचा प्रश्न

येथपर्यंतचा इतिहास प्रगतीचा वाटतो. परंतु रबर ज्या द्रावकात विरघळवितात त्याचा इतिहास वेगळा आहे. पूर्वी बेंझीन वापरीत. तुर्कस्तानात मुजफ्फर अक्सॉय यांनी १९७० च्या दशकात पादत्राणे बनविणाऱ्या कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाचा बेंझीनशी असलेला संबंध दाखवून दिला. इटलीने १९६३ साली कायद्याने बेंझीनवर मर्यादा घातली. तेव्हा उत्पादक हेक्झेनकडे वळले आणि कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ लागल्या. जपानमध्येही १९६० च्या दशकात घरी बसून सँडल चिकटविणाऱ्या कामगारांत हाच विकार आढळला. एक विष काढून दुसरे आणण्याचा हा प्रकार केवळ परदेशापुरता मानण्याचे कारण नाही.

फवाऱ्यामुळे धोक्याचे स्वरूप बदलते. ब्रशने लावलेले द्रव्य चामड्यावर राहते. फवारलेले हवेतही तरंगते. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर डब्यांतील जुने वायू मागे पडले व ज्वालाग्राही हायड्रोकार्बन वायूंचा वापर वाढला. मोकळी हवा, खेळता पंखा आणि विस्तवापासून अंतर या सूचना डब्यावर छापलेल्या असतात. धारावीतील पोटमाळ्यावर, जेथे शिवणयंत्र, चामडे आणि माणसाचे झोपणे एकाच खोलीत असते, तेथे त्या कशा पाळाव्यात? १९४८ चा कारखाने अधिनियम विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने ही मर्यादा पुढे वाढविली. घरगुती चर्मकाम बहुतांशी त्या चौकटीबाहेरच राहिले.

कातड्याच्या वासामुळे ज्या समाजांना गावाने दूर ठेवले, त्यांच्याच वस्त्यांत आता दुसरा वास आहे. या वासाने कोणाला विटाळ होत नाही, त्यामुळे त्याची चर्चाही होत नाही. चर्मकारांसाठी १९७४ साली स्थापन झालेल्या राज्याच्या महामंडळाचे, म्हणजे पुढील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाचे नाव अलीकडे कोल्हापुरी चपलेच्या संदर्भात वारंवार घेतले जाते. या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच वहाणा दाखविल्या तेव्हा नावाच्या मालकीवर देशभर वाद झाला. तो रास्तच होता. मात्र वादीने शिवलेली चप्पल आणि सोल्युशनने चिकटविलेली तिची नक्कल आपल्याच बाजारात एकाच नावाने शेजारी मांडलेली असते, याकडे त्या वादात क्वचितच कोणी लक्ष वेधले.

द्रावकाऐवजी पाण्यावर आधारित रबरी चिकटद्रव्ये आता उपलब्ध आहेत. अस्तराच्या कामाला ती पुरेशी आहेत. परंतु ती वाळण्यास अधिक वेळ लागतो, पावसाळ्यात तर फारच. आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.